मावशी की सिस्टर?

पत्र :

“मी २६ वर्षांची आहे. बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करून गेली तीन वर्षे जिल्ह्याच्या गावी एका १२० खाटांच्या खासगी रुग्णालयात काम करते. सहा महिन्यांपूर्वी मला पुरुष मेडिकल वॉर्डची शिफ्ट इनचार्ज केले. माझ्या शिफ्टमध्ये एक एएनएम (सहायक परिचारिका प्रसाविका) आहेत. त्यांचे वय ४७ आणि या रुग्णालयात त्यांना २१ वर्षे झाली आहेत. मी पहिल्या दिवसापासून त्यांना आदराने ‘मावशी’ म्हणते. पण त्या माझ्याशी कामापुरतेसुद्धा नीट बोलत नाहीत. माझ्यामागे मला ‘डिग्रीवाल्या बाई’ म्हणतात. ओव्हर देताना, म्हणजे शिफ्ट बदलताना रुग्णांची माहिती देताना, ‘सगळं ठीक आहे’ एवढेच सांगतात. नाडी-श्वसन न मोजता चार्ट भरतात. एकदा त्या १०० युनिटचे इन्सुलिन ४०च्या सिरिंजमध्ये भरत होत्या. मी वेळीच पाहिले आणि नातेवाइकांसमोरच त्यांना ‘एवढंही कळत नाही का?’ असे बोलले. तेव्हापासून त्यांनी अबोलाच धरला आहे. गेल्या महिन्यात एका रुग्णाला पहाटे साडेचारला आयसीयूत हलवावे लागले. रात्री दोन वाजता त्या मला म्हणाल्या होत्या की काकांचे काही बरे दिसत नाही. पण त्यांनीच भरलेल्या चार्टवर सगळे नॉर्मल होते आणि मी नव्या ॲडमिशनमध्ये गुंतले होते. काका पुढे बरे होऊन घरी गेले, परंतु त्या दिवसापासून सगळा वॉर्ड माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. मी मेट्रनकडे लेखी तक्रार करावी, की नोकरी बदलावी?”

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

मी शासकीय सेवेत अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून रुजू झाले आणि परिसेविका (वॉर्डची प्रमुख सिस्टर), सहायक अधिसेविका अशा पायऱ्या चढत अधिसेविका, म्हणजे मेट्रन, म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे तुमच्या पत्रातला वॉर्ड मला डोळ्यांसमोर दिसतो, त्यातली रात्रही दिसते. तुमच्या दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर ‘इतक्यात नाही’ असे आहे. लेखी तक्रार करण्याची वेळ कदाचित येईल, आणि तेव्हा ती कशी करायची तेही सांगेन. परंतु तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा दोन वाक्यांपाशी अडले. ती दोन्ही वाक्ये तुम्ही ओघात लिहून पुढे गेला आहात. त्यांच्याबद्दल आधी बोलू.

पहिले वाक्य ‘मावशी’ या शब्दाचे. घरात, बसमध्ये, बाजारात स्वतःहून मोठ्या बाईला मावशी म्हणणे हा आपल्याकडचा आपलेपणाचा रिवाज आहे आणि तुमच्या मनात त्याहून वेगळे काही नव्हते, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण रुग्णालयाच्या आत हा शब्द नात्याचा उरत नाही, तो हुद्द्याचा होतो. भांडे देणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या, फरशी पुसणाऱ्या बाई म्हणजे मावशी, कक्षसेवक म्हणजे मामा, आणि पांढऱ्या किंवा निळ्या गणवेशातली परिचर्या करणारी ती सिस्टर. ही भाषा महाराष्ट्रातल्या प्रत्येक वॉर्डात रुग्णाला पहिल्या दिवशी कळते. ज्या बाईंनी २१ वर्षे ‘सिस्टर’ ही हाक ऐकली, त्यांना नव्या इनचार्जने सगळ्यांदेखत ‘मावशी’ म्हणून हाक मारली, तेव्हा त्यांच्या कानांना त्यात भाचीची माया ऐकू आली नसणार. आपल्याला एक पायरी खाली उतरवले, असेच त्यांना वाटले असणार. रुग्णांनीही ते ऐकले, आणि दुसऱ्या दिवशी एखाद्या नातेवाइकाने ‘मावशी, जरा बेडपॅन द्या’ म्हटले असेल, तर त्याचा दोष त्यांनी कोणाच्या माथी मारला असेल हे तुमच्याही लक्षात येईल.

हे लिहिताना मला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. बेडपॅन देणे हे हलके काम नाही. ते एएनएमने करावे, तुम्ही करावे आणि वेळ पडल्यास मेट्रननेही करावे. मी ते केले आहे. ज्यांना आपण खरोखर मावशी म्हणतो, त्यांची नावेसुद्धा आपल्याला अनेकदा ठाऊक नसतात, ही आपल्या व्यवसायातली जुनी उणीव आहे. पण तुमच्या सहकारी नोंदणीकृत परिचारिका आहेत. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत त्यांचे नाव आहे, आणि त्या नावाने व ‘सिस्टर’ या पदाने हाक मारून घेण्याचा अधिकार त्यांनी शिक्षणाने मिळवलेला आहे. उद्यापासून त्यांच्या आडनावापुढे सिस्टर लावून हाक मारा. काही दिवस तोंडात बसणार नाही, तरी मारा. कारण विचारले तर खरे कारण सांगा.

त्या रागावल्या कशावर असाव्यात, याचा विचार करताना तुम्ही स्वतःपासून सुरुवात केली आहे. मला वाटते, मूळ कारण तुमच्या फार आधीचे आहे. सहायक परिचारिका प्रसाविका हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि तो मुख्यतः गावासाठी बेतलेला: बाळंतपण, लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, घरभेटी. मैदानी भागात ५,००० आणि आदिवासी-डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक सरकारी आरोग्य उपकेंद्र, आणि त्या उपकेंद्राचा कणा म्हणजे ही एएनएम. १९७३ सालच्या कर्तारसिंग समितीनंतर तिला बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी म्हणून ओळखले जाऊ लागले, ते याच अर्थाने. सरकारी नोकरी सगळ्यांना मिळत नाही. ज्यांना मिळाली नाही, त्यांतल्या पुष्कळ जणी खासगी दवाखान्यांत आल्या, आणि दवाखान्यांनी त्यांना कमी पगारात ठेवून जीएनएमचे, म्हणजे जनरल नर्सिंगची पदविका घेतलेल्या परिचारिकांचे, सगळे काम करायला लावले. सलाईन लावणे, ऑक्सिजन चालू करणे, रात्रभर एकटीने वॉर्ड सांभाळणे, यांपैकी त्यांना वर्गात शिकवलेले थोडे. बाकीचे त्या बघून, चुकून आणि बोलणी खाऊन शिकल्या. तुमच्या सिस्टरांना २१ वर्षांपूर्वी कोणी असे म्हटले नसणार की, बाई, हे तुमच्या शिक्षणापलीकडचे आहे, तेव्हा आधी आपण शिकवू. आणि आता २१ वर्षांनी त्यांना सांगितले जाते की तुमचे शिक्षण कमी आहे. दोन्ही वेळी सोय रुग्णालयाचीच पाहिली गेली.

नोंदणीकृत एएनएमला पुढे जीएनएम करता येते, हे खरे आहे. पण घर, मुलांची शिक्षणे आणि आड आठवड्याची नाइट सांभाळणाऱ्या ४७ वर्षांच्या बाईला पगार सोडून तीन वर्षे वसतिगृहात राहायला सांगणे म्हणजे सल्ला नव्हे. त्यामुळे ‘शिकायचं होतं तर शिकायचं’ असे वाक्य तुमच्या वॉर्डात कोणाच्याही तोंडी येत असेल, तर ते तुम्हीच थांबवावे.

आता इन्सुलिन. येथे तुम्ही बरोबर होता, आणि त्याबद्दल तुमच्या मनात तिळमात्र शंका राहू नये. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही तीव्रतांचे इन्सुलिन मिळते आणि सिरिंजही दोन प्रकारच्या असतात. लाल टोपणाची ४०ची, नारिंगी टोपणाची १००ची. बारा युनिट द्यायचे असताना ४०च्या सिरिंजवर बाराच्या खुणेपर्यंत भरले, तर आत ०.३ मिलिलिटर औषध येते, आणि कुपी १००ची असेल तर ते बारा नव्हे, तीस युनिट होतात. अडीचपट. रात्री अकराला दिलेले ते इंजेक्शन पहाटे तीनला काय करू शकते, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही हात धरला, हे चांगले केले. रुग्णाच्या अंगात औषध जाण्याआधीचा क्षण असेल, तर कोणासमोर थांबवायचे याचा विचार करत बसू नये, थांबवावे.

पण थांबवण्याला तीन शब्द पुरतात: “सिस्टर, एक मिनिट.” कुपी आणि सिरिंज घेऊन दोघींनी औषधांच्या टेबलापाशी जायचे, लेबल एकत्र वाचायचे, योग्य सिरिंजमध्ये भरायचे आणि इंजेक्शन त्यांच्याच हाताने देऊ द्यायचे. ‘एवढंही कळत नाही का?’ हा प्रश्न रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी नव्हता. तोपर्यंत रुग्ण सुरक्षित झालेला होता. शिवाय तो प्रश्न चुकीच्या दिशेने गेला. एकाच वॉर्डात दोन तीव्रतांच्या कुप्या आणि दोन प्रकारच्या सिरिंज एकाच ट्रेमध्ये कशा आल्या, इंडेंट (औषधांची मागणी) कोणी केला, फार्मसीने बदलून पाठवल्याचे कोणी कळवले का, हे विचारायला हवे होते. अशा ट्रेसमोर रात्रीच्या दहाव्या तासाला मी उभी असते, तर माझाही हात चुकू शकला असता.

आता ते दुसरे वाक्य, रात्री दोन वाजताचे. त्याबद्दल मला अधिक सविस्तर लिहायचे आहे, कारण माझ्या मते तुमच्या पत्राचा गाभा तिथे आहे.

रात्री दोन वाजता त्या तुमच्याकडे आल्या. अबोला धरलेला असताना, अपमान मनात ताजा असताना, आपणहून आल्या आणि म्हणाल्या की काकांचे काही बरे दिसत नाही. तुम्ही चार्ट पाहिला. चार्टवर सगळे नॉर्मल होते. मी तुम्हाला विचारते, त्या चार्टवर श्वसनाचा दर किती लिहिला होता? वीस असेल, किंवा अठरा. मी आयुष्यभर असे चार्ट पाहिले आहेत, ज्यांत न्यूमोनियाचा रुग्ण, हर्नियाचा रुग्ण आणि उद्या घरी जाणारा रुग्ण, असा सगळा वॉर्डच्या वॉर्ड मिनिटाला वीस वेळा श्वास घेत असतो. प्रौढ माणसाचा विश्रांतीतला श्वसनदर साधारण १२ ते २० असतो, म्हणून वीस लिहिले की कोणी काही विचारत नाही. रक्तदाब यंत्र मोजते, ऑक्सिजन बोटाला लावलेली क्लिप सांगते. श्वास मात्र छातीकडे पाहत पूर्ण मिनिटभर मोजावा लागतो, आणि तेवढे मिनिट कोणाकडे नसते. दुर्दैवाने रुग्ण खालावू लागला की पुष्कळदा आधी श्वासच बदलतो, रक्तदाब नंतर कोसळतो.

चार्ट त्यांनीच भरला होता, असे तुम्ही लिहिता, आणि तुमचा रोख असा की मग दोष त्यांचाच. चार्टपुरता तो त्यांचा आहेच. पण जरा बाजूला उभे राहून पाहा. ज्या बाईंनी न मोजता ‘वीस’ लिहिले, त्याच बाईंनी काकांच्या खाटेजवळून जाताना थांबून पाहिले आणि काहीतरी बिघडत आहे हे ओळखले. काका नेहमीसारखे बोलत नसतील, उशी सारखी सरकवत असतील, त्वचेचा रंग उतरला असेल, बोलताना वाक्य मध्येच तुटत असेल. त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेले आणि त्यांच्या हाताने लिहिलेले यांत अंतर होते. असे का व्हावे? माझा अनुभव सांगतो की, चार्ट हा वरिष्ठांना दाखवायचा कागद आणि पेशंट हा आपण पाहायचा, अशी दोन वेगळी खाती त्यांच्या मनात वर्षानुवर्षे पडलेली असतात. त्यांना जे दिसते त्यासाठी चार्टवर रकाना नसतो, आणि रकान्यात जे भरतात त्याबद्दल त्यांना कधी कोणी प्रश्न विचारलेला नसतो. तुम्हाला चार वर्षे जे शिकवले गेले, ते मुख्यतः या दोन खात्यांना जोडण्याचे काम आहे. म्हणून इनचार्ज तुम्ही आहात. त्या रात्री तुमचे काम होते उठून खाटेपाशी जाण्याचे, मिनिटभर श्वास मोजण्याचे आणि मग डॉक्टरांना आकड्यासह फोन करण्याचे. ॲडमिशन दहा मिनिटे थांबली असती, किंवा तुमच्या जीएनएमकडे देता आली असती.

हे कठोर वाटेल. पण परिचारिकेला वाटणारी काळजी ही अंधश्रद्धा नव्हे. १९९०च्या सुमारास ऑस्ट्रेलियात तातडीच्या वैद्यकीय पथकांची पद्धत सुरू झाली आणि पुढे ती अनेक देशांत गेली. अशा पथकाला बोलावण्याच्या कारणांच्या यादीत नाडी, रक्तदाब, श्वसन यांच्या आकड्यांबरोबर एक कारण असे असते की, कर्मचाऱ्याला रुग्णाबद्दल काळजी वाटते. आकडे नॉर्मल असले तरी तेवढे कारण पुरेसे मानले जाते. २१ वर्षे रोज आजारी माणसे पाहणाऱ्या डोळ्यांना जे दिसते, ते कधी कधी यंत्राला दिसण्याआधी दिसते.

माझी एक चूक येथे सांगते. परिसेविका झाल्यावर पहिल्याच वर्षी, प्रसूती कक्षात, मी एका वयाने मोठ्या सहकारी बाईंना नोंदी अपुऱ्या असल्यावरून सगळ्यांसमोर सुनावले. नोंदी खरोखरच अपुऱ्या होत्या. त्यानंतर त्या मला काही विचारेनाशा झाल्या, सांगेनाशा झाल्या. सांगितलेले काम मात्र निमूट करत. माझ्या कक्षाला शिस्त लागली, असे मी समजले, आणि तसे अभिमानाने मेट्रनबाईंना बोलूनही दाखवले. तीन महिन्यांनी एका बाळंतिणीला प्रसूतीनंतर तासाभराने एकदम रक्तस्राव सुरू झाला. सगळे धावले, ती वाचली. नंतर मला कळले की त्या बाईंनी आधीच तिच्या पोटावर हात ठेवून पाहिला होता, गर्भाशय मऊ लागत होते (ही रक्तस्रावाच्या धोक्याची खूण), आणि त्यांनी ते एका शिकाऊ मुलीला सांगितले होते, मला नाही. “तुम्हाला सांगायची भीती वाटत नव्हती, सांगावंसंच वाटलं नाही,” असे त्या मला म्हणाल्या. हे वाक्य मी पुढच्या सगळ्या नोकरीत विसरले नाही. तुमच्या सिस्टरांनी तर अबोला असूनही तुम्हाला सांगितले होते. त्या माझ्या सहकारी बाईंपेक्षा मोठ्या मनाच्या निघाल्या, आणि तुम्ही माझ्यापेक्षा नशीबवान आहात.

म्हणून ओव्हरबद्दल. ‘सगळं ठीक आहे’ एवढ्या ओव्हरने तुम्ही त्रासला आहात, ते योग्यच आहे. पण ओव्हर कसा घेतला जातो त्यावर तो कसा दिला जातो हे ठरते. स्टेशनवर उभ्याउभ्या, घड्याळाकडे बघत, इनचार्ज इनचार्जला ओव्हर देते आणि एएनएम मागे सह्यांसाठी उभ्या असतात, अशी पद्धत तुमच्याकडे असेल असा माझा अंदाज आहे. ती बदलणे तुमच्या हातात आहे. खाट ते खाट चालत जा. ज्या खाटा ज्यांनी सांभाळल्या, त्या खाटांचा ओव्हर त्यांनीच द्यावा, मग त्या एएनएम असोत वा जीएनएम, आणि त्या बोलत असताना तुम्ही मध्ये पुरवणी जोडू नये. प्रत्येकीला शेवटी एकच प्रश्न विचारावा: “आज कोणाकडे बघून काळजी वाटते?” जे उत्तर येईल ते रजिस्टरमध्ये त्यांच्या नावाने लिहावे. ‘अमुक सिस्टर यांच्या निरीक्षणानुसार खाट क्रमांक सात सुस्त, श्वसनदर मोजला, २६, डॉक्टरांना कळवले.’ पहिल्या आठवड्यात ‘कोणी नाही’ असेच उत्तर येईल, तरी विचारत राहा.

मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांची कहाणी तुम्ही शिकताना ऐकली असेल. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली ४१ वर्षे त्या खाटेला खिळून होत्या. इतका काळ अंथरुणात असलेल्या माणसाला जखमा होऊ न देणे म्हणजे काय, हे आपल्याला कळते: ठरावीक वेळाने कूस बदलणे, पाठ पुसणे, घास हळूहळू भरवणे, चादरीची एक सुरकुतीही राहू न देणे. सर्वोच्च न्यायालयाने २०११च्या निकालात तेथील परिचारिकांच्या या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. शेवटच्या वर्षांत त्यांची सेवा करणाऱ्यांतल्या कित्येक जणी त्या घटनेच्या वेळी जन्मलेल्याही नसणार. म्हणजे एका पिढीने दुसऱ्या पिढीला, दर शिफ्टला, दिवसातून तीनदा, तो ओव्हर दिला. हे काम एकट्या मेट्रनचे नव्हे, एकट्या विद्यार्थिनीचेही नव्हे. त्यात कोणाची पदवी कोणती होती, हे आज कोणी विचारत नाही. मला त्या परिचारिकांचा अभिमान वाटतो, आणि वॉर्डातल्या ओव्हरविषयी बोलताना मला दर वेळी त्याच आठवतात.

आता त्यांच्याशी बोलण्याबद्दल. नर्सिंग स्टेशनवर नको, मेट्रनच्या केबिनमध्ये तर मुळीच नको, आणि ड्युटी सुरू होतानाही नको. नाइट संपल्यावर, चहाच्या वेळी, दोघीच असताना बोला. आधी फक्त त्या रात्रीबद्दल बोला: “सिस्टर, त्या रात्री तुम्ही मला काकांबद्दल सांगितलंत आणि मी उठून बघायला आले नाही. चूक माझी झाली.” येथे थांबा. ‘पण चार्टवर तर’ हे शब्द तोंडात येतील, ते गिळा. त्या गप्प बसल्या, उठून गेल्या, किंवा एखादा टोमणा मारला, तरी तुमचे वाक्य त्यांच्यापाशी राहील. जमल्यास विचारा की त्यांना नेमके काय दिसले होते. मनापासून विचारा, कारण ते तुम्हाला शिकायचे आहे. नातेवाइकांसमोर बोलल्याबद्दल आणि ‘मावशी’ म्हटल्याबद्दलही त्याच वेळी क्षमा मागितलीत तर उत्तम. पुढे, वॉर्डातल्या सगळ्यांना कळेल अशा रीतीने, एखाद्या ओव्हरमध्ये सहज म्हणा की काकांचे बिघडतेय हे सर्वांत आधी या सिस्टरांनी ओळखले होते. अपमान चारचौघांत झाला होता, म्हणून त्याची भरपाईही चारचौघांत व्हावी.

चार्टची गोष्ट त्या दिवशी काढू नका. ती आठवडाभराने, सर्वांसाठी म्हणून काढा, आणि त्यात ढिलाई करू नका. न मोजलेला आकडा कोणीही लिहायचा नाही. वेळ मिळाला नाही तर रकाना मोकळा ठेवायचा आणि तसे सांगायचे. मोकळ्या रकान्यासाठी कोणालाही बोलणी बसणार नाहीत, खोट्या आकड्यासाठी बसतील, हे आधी जाहीर करा आणि त्याला जागा. इन्सुलिन, हेपॅरिन आणि पोटॅशियम क्लोराइड ही चुकल्यास घातक ठरणारी औषधे दोघींनी लेबल वाचल्याशिवाय द्यायची नाहीत, आणि हा नियम सर्वांत आधी तुमच्या स्वतःच्या हातातल्या इंजेक्शनला लावा. तुम्ही भरलेली सिरिंज तपासायला त्याच सिस्टरांना बोलवा. त्यांनी तुमची चूक काढली, तर आभार माना. दुसरीने दिलेल्या औषधावर तुमची सही किंवा तुमच्या औषधावर तिची सही, ही सवय असेल तर ती आजपासून बंद.

एवढे करूनही दोन-तीन महिन्यांत खोटे आकडे आणि परस्पर दिलेली औषधे थांबली नाहीत, तर मेट्रनकडे लेखी जा. त्या पत्रात तारीख, वेळ, खाट क्रमांक आणि घडलेली गोष्ट एवढेच लिहा. ‘डिग्रीवाल्या बाई’ हे त्यात येऊ देऊ नका, बोलण्याची पद्धत, अबोला, टोमणे यांतले काहीही येऊ देऊ नका. रुग्णाला धोका होता तेवढेच लिहिले, तर तो अर्ज गंभीरपणे वाचला जातो आणि तुमच्या मनालाही नंतर टोचत नाही.

मेट्रनकडे मात्र एका वेगळ्या कामासाठी तुम्ही आधीच जावे, आणि जमल्यास त्या सिस्टरांना बरोबर घेऊन जावे. दोन तीव्रतांचे इन्सुलिन एका वॉर्डात ठेवू नये, अशी मागणी करा. गेल्या सहा महिन्यांची ड्युटी लिस्ट काढून कोणाला किती नाइट लागल्या ते मोजा. मला शंका आहे की एएनएमना जास्त लागल्या असतील, आणि ती लिस्ट आता तुम्ही करत असाल तर दुरुस्तीही तुमच्याच हातात आहे. पगाराचा प्रश्न तुमच्या आवाक्याबाहेरचा आहे, तरी माहिती असू द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीने अशी शिफारस केली होती की, २००हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांनी परिचारिकांना राज्य शासनाइतके वेतन द्यावे, १०० ते २०० खाटांच्या रुग्णालयांत ते शासकीय वेतनापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी नसावे, आणि ५०पेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान २०,००० रुपये असावे. तुमचे रुग्णालय १२० खाटांचे आहे. तुमचा स्वतःचा पगार या मोजमापात बसतो का, ते पाहा, आणि मग त्यांचा किती असेल याचा अंदाज करा. तुमच्यात आणि त्यांच्यात जे काही हजारांचे अंतर आहे, ते त्यांना दर महिन्याला दिसते, आणि ते ठरवणारे लोक वॉर्डात कधी येत नसल्यामुळे राग निघतो तो तुमच्यावर. हे समजून घेतले म्हणजे टोमणे गोड लागतील असे नाही, पण झोप तरी लागेल.

नोकरी बदलायची असेल तर अवश्य बदला, परंतु चांगल्या पगारासाठी किंवा पुढच्या शिक्षणासाठी बदला. या कारणासाठी बदललीत तर पुढच्या रुग्णालयातही वयाने मोठ्या, शिक्षणाने कमी आणि अनुभवाने जास्त अशा एक सिस्टर तुमच्या शिफ्टमध्ये असणारच आहेत.

आणखी एक गोष्ट विचारायची राहिली. काका बरे होऊन घरी गेले, असे तुम्ही लिहिले आहे. आयसीयूतून परस्पर घरी गेले असतील, तर वॉर्डात ते कोणाला कळते, कोणाला कळत नाही. नाइटच्या माणसांना तर अशा बातम्या क्वचितच मिळतात. रात्री ज्याला हलवले त्याचे पुढे काय झाले, हे मनात ठेवूनच त्या दुसऱ्या रात्री कामावर येतात. तुमच्या सिस्टरांना ही बातमी कोणी सांगितली आहे का, ते बघा. सांगितली नसेल, तर त्यांच्याकडे जाताना बोलायची सुरुवात तिथून करा.